सड्यावरची उंडी

रत्नागिरी शहराबाहेर सड्यावर ज्यांनी घरं बांधली, त्यांना ऊन म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला लागत नाही. सडा म्हणजे नुसता कातळ. पावसाळ्यात त्यावर चार बोटं गवत येतं, तेवढीच काय ती हिरवळ. बाकी वर्षभर खाली दगड आणि वर सूर्य. अशा जागी रघुनाथराव शिवलकरांनी घर बांधलं आणि तेही पश्चिमेला तोंड करून. का, तर पडवीतून लांबवर समुद्राची एक रेघ दिसते म्हणून. ती रेघ पहिल्या वर्षी त्यांनी रोज पाहिली, दुसऱ्या वर्षी पाहुणे आले की पाहिली, आणि नंतर ती तिथेच असणार असं गृहीत धरून सोडून दिली. ऊन मात्र जेवणं झाली रे झाली की पडवीत हजर. ते थेट दिवेलागणीपर्यंत हलायचं नाही.

आता पडवी तापते ही काही जगावेगळी गोष्ट नाही. पण रघुनाथरावांची पंचाईत वेगळीच होती. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होताना निरोपसमारंभात ते भरात आले होते. "उरलेलं आयुष्य," ते म्हणाले होते, "दारातल्या झाडाखाली खुर्ची टाकून, चहा पीत काढणार." टाळ्या पडल्या. दारात झाड नाही हे टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, आणि बोलणाऱ्याच्या त्या क्षणी लक्षात नव्हतं. तेव्हापासून जुन्या सहकाऱ्यांपैकी कुणाचा ना कुणाचा फोन यायचा, "काय शिवलकर, झाडाखाली का?" आणि रघुनाथराव माजघरात पंख्याखाली घामाघूम बसून म्हणायचे, "हो हो, दुसरं काय!"

शेवटी त्यांच्या पत्नीने, राजश्रीताईंनी, एका मे महिन्यात निकाल दिला. "अहो, पुढच्या मेपर्यंत दारात सावली झाली तर झाली. नाहीतर मी नितेशला सांगून पत्रा घालून घेते."

नितेश हा समोरच्या घरातला तरुण. पत्र्याच्या शेड घालणं हा त्याचा धंदा, आणि गल्लीतल्या प्रत्येक दारात त्याचा निळा पत्रा झळकत होता. फक्त शिवलकरांचं अंगण राहिलं होतं. येता-जाता तो त्या अंगणाकडे असा बघायचा, की जणू नजरेनेच माप घेतोय. रघुनाथरावांना पत्रा म्हटला की अंगावर काटा यायचा. उन्हाळ्यात त्याखाली भाकरी भाजावी आणि पावसात नवरा-बायकोने खुणांनी बोलावं, असली ती वस्तू. शिवाय निरोपसमारंभात ते 'पत्र्याखाली' म्हणाले नव्हते. त्यांनी वर्षाची मुदत लगेच मान्य केली. सरकारी नोकरीत वर्षाची मुदत मिळाली म्हणजे काम झाल्यातच जमा असतं. झाडाने सरकारी नोकरी केलेली नसते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

झाड लावायचं तर देशीच, हे मात्र त्यांनी आधीच ठरवलं होतं. पूर्वी ते भाड्याने राहत तिथे दारात गुलमोहर होता आणि तो एका वादळात, आजूबाजूला एवढी मोकळी जागा असताना, नेमका त्यांच्या स्कूटरवर आडवा झाला होता. तेव्हापासून बाहेरून आलेल्या झाडांबद्दल त्यांचं मत कायमचं बनलं होतं. पण देशी झाडांतही इतकी भानगड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पहिला सल्ला शेजारच्या भागोजींचा. भागोजी मुंबईला गोदीत नोकरी करून परतलेले, गल्लीत वयाने सगळ्यांत मोठे, त्यामुळे रघुनाथरावांना 'रघू' म्हणण्याचा हक्क फक्त त्यांना होता.

"वड लावू म्हणतो," रघुनाथराव म्हणाले.

"लाव की. मुळ्या घरात आल्या की त्यांना पन जेवायला वाढ."

"मग चिंच?"

भागोजींनी नुसतं कानाला हात लावला. चिंचेवर काय असतं ते उघड बोलायचं नसतं.

"फणस?"

"वानरं येतील. आनी वानरांनी ठेवलाच एखादा, तर तो तुझ्याच डोक्यात पडेल. तुझं नशीब मला ठाव हाय."

"आंबा तरी?"

"आंबा लाव. मे महिन्यात मुंबैचे सगळे पावने तुझ्या दारात. कलमाची राखन करशील का पावन्यांची?"

जांभळाने अंगण निसरडं होतं, सातविणीच्या वासाने डोकं दुखतं, उंबर एकदा आला की दत्तमहाराजांचा, मग त्याची फांदी तोडायलाही हात धजत नाही. आठवडाभर हेच चाललं. एवढ्या मोठ्या कोकणात एका निरुपद्रवी माणसाच्या दारात उभं राहायला लायक असं एक झाड सापडू नये, याचं रघुनाथरावांना मनापासून वाईट वाटलं. एका रात्री जेवताना ते ताटावरूनच म्हणाले, "जाऊ दे, घाल तुझा पत्रा."

राजश्रीताई आमटी वाढता वाढता थांबल्या. "उंडी का नाही लावत?" त्या म्हणाल्या. "आमच्या केळशीला दारात होती. भर दुपारी खाली काळोख असायचा. आम्ही पोरं तिच्या गोल फळांनी गोट्या खेळायचो, आणि बाबा तिच्याखाली झोपायचे." एवढं बोलून त्या पुन्हा आमटीकडे वळल्या. "पण मुदत मेचीच हं."

उंडीबद्दल गल्लीत कुणालाच काही ठाऊक नव्हतं, म्हणून कुणाला आक्षेपही घेता येईना. रघुनाथरावांना तेवढंच पुरेसं होतं. मेव्हण्याला फोन गेला, आणि केळशीहून एसटीत ड्रायव्हरच्या पायाशी बसून उंडी आली. रंगाच्या रिकाम्या डब्यात, वीतभर उंच, चार जाड चकचकीत पानं असलेली. रघुनाथरावांनी स्टँडवरच तिला नमस्कार केला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, पूर्ण रस्ताभर पानी पाजलंय तिला," आणि चहा मिळेपर्यंत तिथेच उभा राहिला.

आता खड्डा. सड्यावर खड्डा कुदळीने होत नाही, तिथे कातळ कापावा लागतो. चिरेखाणीवर मशीन चालवणारा बाबल्या ओळखीचा होता. त्याला जागा दाखवून, "झाडापुरता हं, मापात," असं बजावून रघुनाथराव मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले. परत येऊन पाहतात तो अंगणात खोली! चारी भिंती ओळंब्यात, तळ सपाट, आणि एका कोपऱ्यात उतरायला पायऱ्या. बाजूला कापलेल्या जांभ्या चिऱ्यांची सुबक रास रचलेली.

"बाबल्या, हे काय रे?"

"अण्णा, कातळ कापायचाच तर चिरा वाया कशाला घालवा? हाताला वळण तेच पडलंय बघा. आणि पायऱ्या तुमच्यासाठी मुद्दाम ठेवल्या, या वयात उतरताना त्रास नको."

रघुनाथरावांनी बांगड्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. माणूस एवढा आपुलकीने वागला की रागवायचं तरी कसं?

राग पुढच्याच आठवड्यात आला, पण तो काढायला जागा नव्हती. कुणीतरी कळवलं म्हणून तलाठी भाऊसाहेब आले. त्यांनी चिऱ्यांच्या राशीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "चिरे कुठले?"

"खड्ड्यातले."

"खड्डा कशाला?"

"झाडाला."

भाऊसाहेबांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. "पायऱ्या झाडाला उतरायला का?"

रघुनाथरावांनी डबा आणून दाखवला. भाऊसाहेबांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा खड्ड्याकडे.

"मोठं होणार ते," रघुनाथराव म्हणाले. "दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं."

"कधी?"

रघुनाथराव घुटमळले. आतून राजश्रीताईंचा आवाज आला, "मेपर्यंत!"

भाऊसाहेबांना त्यात काहीतरी लपवाछपवी दिसली. चिरा हे गौण खनिज आहे, ते असं परस्पर काढता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. "साहेब पाहणीला येतील. तोवर चिरे हलवायचे नाहीत, खड्डा बुजवायचा नाही. आहे तसं ठेवा." नोकरीभर हे वाक्य रघुनाथरावांनी टेबलाच्या अलीकडून लोकांना ऐकवलं होतं. पलीकडे उभं राहून ते कसं लागतं, ते त्या दिवशी कळलं. ते आत जाऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

साहेब काही आले नाहीत. पाऊस आला आणि खड्डा काठोकाठ भरला. उंडी डब्यातच पडवीत बसून पाणी बघत राहिली. राजश्रीताईंनी पोरंबाळं पडायला नकोत म्हणून खड्ड्याभोवती दोरी बांधली, तर बघणाऱ्याला वाटायला लागलं की इथे काहीतरी खास आहे. श्रावण संपता संपता भागोजी काठी टेकत आले. त्यांच्यामागे गल्लीतली माणसं.

"रघू, तुझं तळं बेस झालंय."

"तळं नाही ते, भागोजीदादा. उंडीचा खड्डा."

"तेच ते. आता हे बघ, गनपती घेऊन समुद्रावर जायचं म्हंजे टेंपो करा, गर्दीत घुसा, म्हाताऱ्या मानसांनी भिजा. इथं सोताच्या दारात पानी हाय. आनी पायऱ्या पन हायत!"

त्या पायऱ्यांनी घात केला. नाही म्हणायला रघुनाथरावांनी तोंड उघडलं, पण गणपतीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. दीड दिवसाचे, पाच दिवसांचे, गौरीबरोबरचे, गल्लीतले सगळे गणपती वाजतगाजत शिवलकरांच्या अंगणात आले. नितेशने गेटवर भलामोठा बॅनर लावला. त्यावर हात जोडलेले रघुनाथराव आणि खाली 'विसर्जन तलावाचे दाते'. फोटो कुठल्यातरी लग्नातला होता, त्यामुळे दात्यांच्या हातातल्या अक्षता स्पष्ट दिसत होत्या. त्याच आठवड्यात जुन्या कचेरीतल्या एकाचा फोन आला. "काय शिवलकर, झाडाखाली म्हणाला होतात, तळ्याकाठी बसलात की काय?" रघुनाथरावांनी पहिल्यांदाच आयुष्यात कुणाचा फोन मुद्दाम कापला.

दिवाळी झाली तसा खड्डा आटला. रघुनाथराव कपडे-बिपडे करून तलाठी कार्यालयात गेले. भाऊसाहेब बदलून गेले होते. नवीन आलेल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुठला खड्डा? आमच्याकडे तर काहीच नाही." म्हणजे इतके महिने त्या उंडी माऊलीने पडवीत डब्यात काढले ते कशासाठी? हा प्रश्न बरोबर घेऊन ते रिक्षाही न करता चालत घरी आले.

माती आली. मातीचा डंपर चिऱ्यांच्या राशीमुळे आत शिरेना, त्याने सगळी माती रस्त्यात ओतली. गल्लीची वाट बंद झाली ती रघुनाथरावांनी घमेल्याने आत नेऊन मोकळी केली. त्यांची कंबर धरली ती धरलीच. एवढ्यात गल्लीत मासळीची टोपली घेऊन येणारी हौसाकाकी थबकली.

"नुसती माती घालून काय व्हनार, दादा? खाली मासळीचं खत घाला. आमी माडाला घालतो, माड कसा उठतो बघा."

सल्ला चांगलाच होता, फक्त माड कुत्र्यांना उकरून काढता येत नाही आणि वीतभर रोप येतं, एवढं तिने सांगितलं नाही. मिरकरवाड्याहून पोतं आलं, खड्ड्यात गेलं, वर माती, आणि मातीत अखेर उंडी उभी राहिली. राजश्रीताईंनी हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावरची यच्चयावत कुत्री आणि मांजरं शिवलकरांच्या अंगणात मुक्कामाला होती, आणि उंडी नितेशच्या दारात, मुळं वर करून पडली होती. नितेश ती दोन बोटांत धरून घेऊन आला. "काका, हे तुमचं का?" तो म्हणाला, आणि हसू आवरायला त्याला वळून खोकावं लागलं.

रघुनाथराव उंडी घेऊन खाली मातीतच बसले. "झालं," ते म्हणाले. "सरकार झालं, गणपती झाले, कुत्री झाली. आता माझ्याच्याने होत नाही."

तेव्हा भागोजी म्हणाले, "रघू, तू राखनदाराला सांगितलंसच कुठं? ज्या जागेत रोवायचं, त्या जागेच्या मालकाला इचारायला नको?" आणि संध्याकाळी त्यांनी नारळ, विडा मांडून, डोक्याला पंचा गुंडाळून, अख्ख्या गल्लीसमोर गाऱ्हाणं घातलं.

"हे बारा वाडीच्या राखनदारा म्हाराजा! आज या रघूनं तुझ्या कातळावर उंडी लावलेली हाय. तिला किडा लागू नये, कुत्रा लागू नये, सरकार लागू नये!"

"व्हय म्हाराजा!" गल्ली म्हणाली.

"तिच्यावर जो कोन वाकडी नजर ठेवील, त्याच्या नजरेला नजर तू दे!"

"व्हय म्हाराजा!" यात नितेशचा आवाज जरा बारीक निघाला.

"आनी येत्या मेपर्यंत तिची सावली दारात पडू दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने राजश्रीताई म्हणाल्या. त्या चेष्टेने म्हणाल्या की मनापासून, हे विचारायचा धीर रघुनाथरावांना झाला नाही.

त्यानंतर कुत्री आली नाहीत. मासळी संपली होती की राखणदाराने बघितलं, ज्याने त्याने आपापलं मानावं. उंडी जगली. थंडीभर जगली आणि तेवढंच केलं. रघुनाथराव रोज सकाळी खाली बसून, चष्मा पुसून तिच्याकडे बघायचे. माघात एक नवं पान आलं. एक. त्यांनी राजश्रीताईंना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान आहे," आणि कॅलेंडरकडे एकदा बघून आत गेल्या.

शिमगा झाला आणि उन्हाने दात दाखवले. त्या एकुलत्या नव्या पानाची कड तांबडी होऊन वळली. रघुनाथरावांनी केळशीला फोन लावला.

"भावोजी," मेव्हणा म्हणाला, "लहान उंडीला पहिले दोन-तीन उन्हाळे सावली लागते. हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

फोन ठेवून रघुनाथराव थोडा वेळ हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण दुसरं काय करणार? ज्या झाडाखाली बसायचं, त्याच्यासाठीच आधी सावली शोधायची! त्यांनी कचेरीच्या दिवसांतली मोठी काळी छत्री काढली, काठीला बांधली आणि उंडीच्या डोक्यावर रोवली. दुपारी समुद्राकडून वारा सुटला, छत्री उलटी झाली आणि उडून चिऱ्यांवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्यांनी बांधणं सोडून दिलं. जेवण झालं की ते डोक्यावर ओला पंचा टाकायचे, उंडीशेजारी पाटावर बसायचे आणि छत्री हातात धरून ऊन उतरेपर्यंत तिथेच राहायचे. गल्ली आपापल्या निळ्या पत्र्याखालून बघायची. "काकांना काही होतंय का?" असं एकदोघांनी राजश्रीताईंना हळूच विचारूनही झालं.

अशाच एका दुपारी खिशातला फोन वाजला. जुनी कचेरी. "काय शिवलकर, झाडाखाली का?"

"नाही हो," रघुनाथराव थकून म्हणाले, "सध्या झाडच माझ्याखाली आहे."

मे आला. कबूल केल्याप्रमाणे नितेशही आला, टेंपोत पाइप आणि निळे पत्रे घालून. त्याने फीत लांबवली, इकडून मोजलं, तिकडून मोजलं आणि म्हणाला, "काकी, एक खांब नेमका या रोपावर येतोय. रोप जरा सरकवायला लागेल."

रघुनाथराव छत्री धरून पाटावर बसले होते. मुदत संपली होती. भांडायचं कशाच्या जोरावर? वीतभरावरून गुडघ्यापर्यंतही न आलेल्या झाडाच्या? त्यांनी मान वर केली नाही. फक्त छत्री थोडी उंडीकडे कलती केली, आणि त्यांचा अर्धा चेहरा उन्हात आला.

राजश्रीताई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी पत्रे पाहिले, उंडी पाहिली, आणि उन्हाने करपून तांब्यासारखं झालेलं नवऱ्याचं तोंड पाहिलं. त्यांचा आवाज चढला.

"पत्रे परत ने रे नितेश. त्या उंडीवर झापांचा मांडव घाल."

"झाप? काकी, माडाची झापं आता कोण घालतं? दोन वर्षांत कुजतात."

"तेवढीच वर्षं हवीत. आणि एक खुर्ची मावेल एवढा घाल." त्या आत वळल्या, पुन्हा मागे वळल्या. "दोन खुर्च्या."

मांडव संध्याकाळपर्यंत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी रघुनाथराव उंडीच्या मांडवात, तिच्याकडे आलेल्या पाहुण्यासारखे अंग चोरून खुर्चीत बसले. राजश्रीताई चहा घेऊन आल्या आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या. झापांतून उन्हाचे कवडसे पडत होते, पण वारा गार लागत होता. लांबवर समुद्राची ती रेघ दिसत होती. बऱ्याच दिवसांनी दोघांनी ती बघितली.

रघुनाथरावांनी पहिला घोट घेतला. वर्षभराचा शीण त्या घोटाबरोबर खाली उतरल्यासारखं त्यांना वाटलं. "राजश्री," ते म्हणाले, "मे महिना आहे, दार आहे, आणि सावलीही आहे. आता सांग, शब्द कुणाचा खरा झाला?"

राजश्रीताईंचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ऊन कललं होतं आणि झापांच्या खालून, पश्चिमेकडून, आत शिरत होतं.

"शब्दाचं राहू दे," त्या म्हणाल्या. "खुर्ची तिकडे घ्या आधी. उंडीवर ऊन येतंय."

रघुनाथराव उठले. कप एका हातात, खुर्ची दुसऱ्या हातात, असे मांडवाच्या कडेला गेले आणि सूर्याकडे पाठ करून बसले. पाठ भाजू लागली. त्यांची सावली लांब होऊन उंडीवर पडली, पार शेंड्याच्या त्या एका पानापर्यंत. ते हलले नाहीत, चहा तसाच पीत राहिले.